लस जपताना: आधी उष्णतेची धास्ती, मग गोठण्याची

दवाखान्यात लशीच्या फ्रिजवर चिकटवलेल्या सूचना वरवर पाहता किरकोळ वाटतात. कुप्या मागच्या भिंतीला टेकवू नका, दारात ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहा, आईस पॅक फ्रीझरमधून काढून लगेच डब्यात भरू नका. यातल्या काही उष्णतेच्या भीतीतून आल्या. थंडीसुद्धा लस मारते, हे मनावर घ्यायला मात्र फार वेळ गेला, आणि उरलेल्या सूचना त्या उशिरा आलेल्या शहाणपणाच्या आहेत.

सुरुवातीला लस साठवायची सोयच नव्हती. १८०३ मध्ये देवीची लस स्पेनहून अमेरिका खंडात न्यायची होती, तेव्हा डॉ. बाल्मिस यांच्या मोहिमेत २२ अनाथ मुलं जहाजावर चढवली गेली. एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, त्याचा फोड पिकला की तिसऱ्याला. त्या मुलांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही. पुढे लसद्रव्य ग्लिसरीनमध्ये राखता येऊ लागलं, पण उष्ण हवेत तेही फार टिकत नसे. हा पेच सुटला तो १९५० च्या दशकात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी लशीत पेप्टोन (प्रथिनांपासून मिळणारा पदार्थ) घालून ती गोठवून सुकवली. ही भुकटी कडक उन्हाळ्यातही आठवडेच्या आठवडे तग धरी. देवीचं निर्मूलन १९८० मध्ये जाहीर झालं, त्यात या भुकटीचा वाटा मोठा.

१९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विस्तारित लसीकरण कार्यक्रम हाती घेतला. आता रोग सहा होते: क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवर. त्यांच्या लशी देवीच्या भुकटीसारख्या काटक नव्हत्या. कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत गारवा तुटू न देणारी शीतसाखळी याच काळात उभी राहिली: शीतगृह, बर्फाचं अस्तर असलेले फ्रिज, व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लस नेण्याचे थंड डबे. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उष्णतेला सर्वांत नाजूक, म्हणून सगळी काळजी तिच्याभोवती फिरली. ‘थंड तितकं बरं’ हे कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलं.

घोटाळा तिथेच झाला. घटसर्प, धनुर्वात, हिपॅटायटिस बी अशा लशींत परिणाम वाढवायला अॅल्युमिनियमचे क्षार असतात. ही युक्ती १९२६ पासूनची, अलेक्झांडर ग्लेनी यांची. अशी लस गोठली की बर्फाचे स्फटिक त्या क्षाराचे कण एकमेकांवर दाबतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि लशीची ताकद उतरते. वितळल्यावर कुपी वरून बरी दिसू शकते, म्हणून तर हे नुकसान इतकी वर्षं कुणाच्या नजरेत भरलं नाही.

ते ओळखायला ‘शेक टेस्ट’ आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, मग ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या कुपीत गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. दुसरी बराच वेळ गढूळच राहिली, तर ती वाचली. दोघींत गाळ सारख्याच वेगाने बसला, तर संशयित कुपी बाद.

१९९६ मध्ये पोलिओच्या कुपीवर व्हीव्हीएम (व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर) आला: वर्तुळात एक फिकट चौकोन, जो उष्णतेने गडद होत जातो. चौकोनाचा रंग बाहेरच्या वर्तुळाइतका झाला की कुपी टाकायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही खूण मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. पण ती उष्णतेचाच हिशेब ठेवते, गोठल्याचं तिला कळत नाही. २००७ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, तेव्हा त्यांत १४ ते ३५ टक्के फ्रिजमध्ये किंवा वाहतुकीत लस गोठणबिंदूखाली गेल्याचं दिसलं. लस राखायच्या अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअसमधला खालचा आकडा तेव्हा कुठे वरच्या आकड्याइतक्या गांभीर्याने घेतला जाऊ लागला. आईस पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं, त्याचं कारणही हेच. घरगुती फ्रिजच्या फ्रीझर कप्प्याखालची जागा लशीला वर्ज्य, तीही यामुळेच.

२०२० च्या डिसेंबरात कोविडची उणे ७० अंशांची लस आली आणि साऱ्यांचं लक्ष अतिथंड फ्रीझरकडे गेलं. दवाखान्याची अडचण वेगळी होती: वितळलेली लस पुन्हा गोठवता येत नाही. साध्या फ्रिजमधली तिची मुदत आधी ५ दिवस होती, मे २०२१ मध्ये ती एक महिना झाली. त्यामुळे कुपीवरच्या छापील मुदतीवर विसंबता येईना. ती फ्रीझरमधून कधी काढली, ही तारीख हाताने लिहिणं भाग पडलं.