पुण्यात सायकल होती तेव्हा धोरण नव्हते

पुण्यात सायकलींचा सुकाळ होता, तेव्हा पालिकेला सायकल आठवायची ती करापुरती. वर्षाचा कर भरायचा आणि मिळालेला पत्र्याचा बिल्ला सायकलला लावायचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात तर दंड ठरलेला. खडकीच्या कारखान्यांतले कामगार, कारकून, कॉलेजची मुले असे अर्धे गाव सायकलवर असूनही त्यांच्यासाठी वेगळा रस्ता करावा, हे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

खरे तर नियम हाताशी होता. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेने १९६२ मध्येच सायकल मार्गांचे निकष छापले होते. गर्दीच्या तासाला १०० ते २०० मोटारगाड्या जाणाऱ्या रस्त्यावर ४०० सायकली असतील तर स्वतंत्र मार्ग करावा. गाड्या २००हून जास्त असतील तर १०० सायकलीही पुरेत. त्या काळी पुण्यातले कितीतरी रस्ते या निकषात सहज बसले असते. पण ही शिफारस होती, सक्ती नव्हे. शिवाय निकषच असा, की आधी सायकली मोजायच्या आणि मग मार्ग द्यायचा. रस्ता धोक्याचा झाल्यामुळे ज्यांनी सायकल सोडली, ते या मोजणीत येणार कसे?

आणि सायकल सोडणारे वाढतच गेले. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होत होत्या, १९७२ मध्ये कायनेटिकची लुना मोपेड आली. कोथरूड, हडपसर, चिंचवडकडे वस्ती सरकली, अंतरे वाढली, पीएमटीच्या बसचा भरवसा नाही. अशा वेळी लुना घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

धोरण आले ते २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातून. वाहने नव्हे, माणसे हलवायची, हे त्याचे सूत्र. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशातून त्याच वर्षी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅक आले. त्यांचे काय झाले ते कात्रज-स्वारगेटच्या सातारा रस्त्यावर कोणालाही दिसले असते. उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच विजेचा डीपी, पुढे उभ्या केलेल्या दुचाक्या. आणि चौक आला की ट्रॅक गायब, म्हणजे जिथे धडकेची भीती सर्वात जास्त तिथेच सायकलस्वार पुन्हा गाड्यांत. किलोमीटर मोजून बिले निघाली, सलगता कोणी तपासली नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वात महागडी चूक हीच.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. ८००हून अधिक किलोमीटरचे जाळे, भाड्याच्या सायकली, पार्किंग असे सगळे त्यात होते, आणि कागदावर तो खरोखर चांगला आहे. विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला ॲपवर उघडणाऱ्या सायकली आल्याही. पण काही मोडल्या, काही पळवल्या गेल्या आणि खासगी कंपन्यांनी दीड-दोन वर्षांत काढता पाय घेतला. सायकली रस्त्यावर आल्या होत्या. त्या चालवायला लागणारे जाळे मात्र अजून कागदावरच होते.

कोविडच्या काळात, जून २०२० मध्ये, केंद्राने शहरांसाठी ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धा जाहीर केली. तिची अट वेगळी होती: आधी बॅरिकेड, शंकू, रंगाचे पट्टे लावून रस्त्यावर प्रयोग करा, लोकांना विचारा, मग पक्के बांधकाम. २०२१ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत महाराष्ट्रातून नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. पुणे त्या यादीत नव्हते.