कुकरची शिट्टी असह्य होते तेव्हा

ओट्यावर स्टीलचं ताट पडतं, कुकरची शिट्टी होते, मूल किंचाळून हसतं. बहुतेकांचं तिकडे लक्षही जात नाही. पण काही जणांच्या कानात याच आवाजांनी कळ येते, हात आपोआप कानांवर जातात आणि घरचे म्हणतात, ‘एवढं काय झालं?’ हा हायपरॲक्युसिस नावाचा खरा त्रास आहे. त्याला नाटक समजणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

अशा माणसांचे कान तिखट झालेले असतात, असं मात्र नाही. बारीक आवाज त्यांना इतरांपेक्षा जास्त ऐकू येत नाहीत, उलट अनेकांचं ऐकणं थोडं कमीच झालेलं असतं. बिघडते ती सहन करण्याची वरची मर्यादा. ऑडिऑलॉजिस्ट हेडफोनमधून आवाज हळूहळू वाढवत नेऊन ती तपासतात. साधारण माणसाला १०० डेसिबलच्या आसपास नकोसं वाटू लागतं, तर या रुग्णांना ७०-८० डेसिबललाच. नेहमीचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, म्हणजे गप्पा आणि त्रास यांत किती थोडं अंतर उरतं पाहा.

काही वेळा कारण सरळ सापडतं. मधल्या कानात स्टेपीडियस नावाचा जेमतेम ६ मिलिमीटरचा स्नायू असतो. मोठा आवाज आला की तो आक्रसून कानातल्या सर्वांत लहान हाडाची हालचाल रोखतो. बेल्स पाल्सीत चेहऱ्याची नस दुबळी होते, तेव्हा हा स्नायूही ढिला पडू शकतो आणि त्या बाजूचे आवाज अंगावर येतात. बहुतेक रुग्णांत मात्र संशोधकांचा रोख मेंदूकडे आहे. मोठ्या आवाजाने आतला कान दुखावला की मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. ती तूट भरून काढायला मेंदू ॲम्प्लिफायरचं बटण फिरवावं तसा स्वतःच आवाज वाढवतो, आणि मग साधे आवाजही प्रमाणाबाहेर मोठे होतात.

म्हणूनच सुचणारा पहिला उपाय, दिवसभर कानात बोळे घालण्याचा, अनेकदा उलटतो. क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऐकू नीट येणाऱ्या स्वयंसेवकांनी दोन आठवडे इअरप्लग वापरले, तर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे भासू लागले. कानाशी सतत मंद खरखर ऐकवली, तेव्हा उलट सहनशक्ती वाढली. कान निरोगी असतानाही एवढ्या थोड्या काळात हा बदल झाला! फटाके, डीजे, ड्रिल मशीन यांच्याजवळ इअरप्लग हवेतच, पण शांत घरात नकोत.

उपचारही याच दिशेने जातात. कानात बसणाऱ्या छोट्या यंत्रातून, त्रास होणार नाही इतका मंद आवाज रोज काही तास ऐकवतात आणि काही महिन्यांत तो हळूहळू वाढवतात. जोडीला समुपदेशन लागतं, कारण पुढचा आवाज कधी येईल या धास्तीनेच माणूस लग्नं, हॉटेलं, प्रवास टाळू लागतो. स्वीडनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसोपचाराने रुग्णांची सहनशक्ती वाढलेली दिसली. घरच्यांनी ‘सवय लागावी’ म्हणून मुद्दाम भांडी आपटू नयेत. आवाजावर रुग्णाचा ताबा असेल तरच सराव उपयोगी पडतो.

कोणाच्या मचमच खाण्याचा किंवा नाक ओढण्याचा संताप येणं ही वेगळी अवस्था, मिसोफोनिया. तिथे आवाज किती मोठा, याला फारसं महत्त्व नसतं.

उपचारांआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अचानक एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी जावं, कारण तिथे औषधाला उशीर परवडत नाही. आणि स्वतःची पावलं किंवा डोळे फिरवल्याचा आवाजसुद्धा कानात ऐकू येत असेल, तर तेही आवर्जून सांगावं. आतल्या कानाच्या एका अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड विरळ झाल्याने असं होऊ शकतं. लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि तो शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतो.