नायजरमध्ये झाडं लावली नाहीत, राखली

दर पावसाळ्यात तो फॉरवर्ड फिरून येतोच : ‘आफ्रिकेतल्या नायजरच्या शेतकऱ्यांनी २० कोटी झाडं लावली, आणि आपण?’ आकडा अंदाजाचा आहे, पण थापेचा नाही. चूक क्रियापदात आहे. ती झाडं कुणी लावलेली नाहीत. (आणि नायजर म्हणजे नायजेरिया नव्हे. तो दक्षिणेचा शेजारी. नकाशा उघडा, मिटलं.)

लागवड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रोपवाटिका, पिशवी, खड्डा, पाहुणे, फोटो; उन्हाळ्यात टँकर आला तर आला. नायजरमध्येही दुष्काळानंतर हेच चाललं होतं आणि बहुतेक रोपं मरत होती. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन मिशनरी शेतीतज्ज्ञ मराडी भागात हेच काम करत होते. १९८३ मध्ये रेताड रस्त्यावर टायरची हवा कमी करायला ते उतरले आणि शेतातलं एक झुडूप त्यांनी जवळून पाहिलं. पानांवरून कळलं, हे झुडूप नव्हेच. तोडलेल्या झाडाच्या बुडख्याला फुटलेले धुमारे आहेत. असली ‘झुडपं’ चहूकडे होती. शेतकरी दर वर्षी पेरणीआधी ती साफ करत आणि ती पुन्हा फुटत.

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबतो. उसाचा खोडवा ज्याने ठेवलाय त्याला हे एका वाक्यात कळावं. वरचं तोडलं तरी खालची मुळी जिवंत असते. तुमच्या बांधावरचा पळस आठवा. किती वेळा तोडलात, गेला का? रोपाजवळ पिशवीत मावेल एवढी मुळी असते. बुडख्याची मुळं खोल गेलेली असतात आणि अन्न साठवून बसलेली असतात. एक जण उपाशीपोटी परगावी निघालेला, दुसरा घरातच असून फक्त दार बंद. दोघांना ‘झाड’ म्हणून एकाच रकान्यात मोजणं मला पटत नाही.

मग शेतकरी करतो काय? बुडख्याला दहा-वीस फुटवे असतात. त्यातले उंच आणि सरळ असे तीन-पाच ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे. ठेवलेल्यांच्या बाजूच्या फांद्या खालून साधारण निम्म्या उंचीपर्यंत छाटायच्या, काही महिन्यांनी परत फेरी मारायची. पुढे एखादा दांडा सरपणाला किंवा विकायला तोडायचा आणि त्याच्या जागी नवा फुटवा धरायचा. रोप नाही, पाणी नाही, खर्च जवळजवळ कोयत्याचाच.

कोयता म्हटलं की दुसरा गैरसमज आठवतो, तो आपल्याकडचाच : ‘म्हणजे आपली कुऱ्हाडबंदीच की!’ नाही हो. कुऱ्हाडबंदीत डोंगर किंवा गायरान बंद ठेवतात. इथे जमीन नांगराखालची आहे, बाजरी-ज्वारी-चवळीची आणि झाडाला हत्यार लागलंच पाहिजे. न छाटलेला बुडखा झुडूपच राहतो. शिवाय त्या शेतकऱ्यांना बंदी नवी नव्हती. फ्रेंच काळापासूनच्या कायद्याने शेतातलं झाडही सरकारचं होतं. तोडलं तर दंड. मग वाढू कोण देईल? मोठं झालं की सरकारचं, लहान असतानाच उपटलं की आपलं शेत मोकळं. १९८०च्या दशकात वनखात्याने हात सैल सोडला, शेतकऱ्याला झाड आपलं वाटू लागलं आणि हे गावोगाव पसरलं. साधारण वीस वर्षांत ५० लाख हेक्टरांवर.

राखलेल्यांत ‘कालगो’ नावाचं एक झाड आहे. नाव हौसा भाषेतलं. त्याचं पान मध्ये दुमडलेलं, दोन पाळ्यांचं. दसऱ्याला आपण जे सोनं वाटतो त्या आपट्याचा हा सख्खा नातलग. पण मला सगळ्यांत आवडतो तो ‘गाओ’. बाभळीच्या गोतातला, पण वागणं सगळं उलटं : पावसाळ्यात पानं गाळतो, उन्हाळ्यात पालवतो. त्यामुळे खालच्या बाजरीला ऐन वाढीत ऊन मिळतं आणि कोरड्या दिवसांत गुरांना सावली, वर शेंगा.

लागवड वाईट असं मी म्हणत नाही. जिथे बुडखाच उरलेला नाही तिथे दुसरं काय करणार? बुर्किना फासोचे याकुबा सावादोगो कडक झालेल्या ओसाड जमिनीत कोरड्या दिवसांत ‘झाई’ म्हणजे छोटे खड्डे खणून त्यांत शेणखत घालत. पिकाबरोबर झाडंही उगवली. काही बिया त्यांनी टाकल्या, काही शेणखतातून आपसूक आल्या. ती त्यांनी खुरपून फेकली नाहीत आणि त्या ओसाडीवर जंगल उभं राहिलं. २०१८ च्या राइट लाइव्हलीहुड पुरस्काराच्या मानकऱ्यांत रिनॉडो आणि सावादोगो दोघेही होते. सावादोगोंबद्दल ‘झाडं लावली’ म्हणालात तर मी निम्मे गुण देईन. नायजरबद्दल म्हणालात तर शून्य.