कुलपातली पिन कुठे अडते?

कुलपांच्या दुकानात हल्ली ‘कॉम्प्युटर की’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. दोन्ही अंगांवर खळगे असलेली चपटी किल्ली दाखवून सांगितलं जातं, की हिची लाखो कॉम्बिनेशनं आहेत, तेव्हा हे कुलूप दुसऱ्या कशानं उघडणार नाही. त्या कुलपात कॉम्प्युटर नसतो; खळगे यंत्रावर कोरलेले असतात, एवढंच. लाखोंचा आकडा खरा असू शकतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, आणि तो जिथे चुकतो तिथेच या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट दडलेली आहे.

दाराचं साधं लॅच घेऊ. आपण किल्ली घालतो तो फिरणारा पितळी दंडगोल म्हणजे प्लग. तो एका स्थिर कवचात बसलेला असतो. कवचातून थेट प्लगपर्यंत एका ओळीत पाच किंवा सहा उभी भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात खाली किल्लीला टेकणारी पिन, तिच्या डोक्यावर दुसरी पिन आणि सर्वांत वर स्प्रिंग. (काही कुलपांत ही रचना उलटी, पिना खालच्या बाजूला असतात.) किल्ली नसताना स्प्रिंग वरच्या पिनेला खाली ढकलते, ती अर्धी प्लगमध्ये आणि अर्धी कवचात राहते आणि अडसरासारखी प्लगला फिरू देत नाही. योग्य किल्ली घातली की तिची प्रत्येक खाच आपापल्या पिनांची जोडी नेमकी एवढीच उचलते, की दोन पिनांमधला सांधा प्लग आणि कवचाच्या सीमेवर येतो. पाचही सांधे सीमेवर आले की अडसर संपला.

लाकडी पिना स्वतःच्या वजनानं भोकात पडून दार अडवणारी कुलपं प्राचीन इजिप्तमध्येही होती. अमेरिकेत लायनस येल यांनी १८४८ मध्ये पिनांच्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्यांच्याच नावाचा मुलगा आधी व्यक्तिचित्रं रंगवायचा. त्यानं १८६० च्या दशकात त्या कुलपाला आजचं चपट्या किल्लीचं रूप दिलं.

आता आकडे. अमेरिकेतल्या श्लेग कंपनीच्या नेहमीच्या कुलपात प्लगचा व्यास १२.७ मि.मी., पिनेचा सुमारे २.९ मि.मी. आणि खाचेच्या दहा पायऱ्या, एकेक ०.३८ मि.मी.ची. पाच पिना, प्रत्येकीच्या दहा शक्यता, म्हणजे १० × १० × १० × १० × १० = १,००,०००. शेजारच्या दोन खाचांत फार मोठा फरक ठेवता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोड्या कमी. तरी हा गुणाकार एका अटीवरच खरा आहे : पाचही पिना एकदम बरोबर बसेपर्यंत कुलूप आपल्याला काहीच सांगत नाही, ही ती अट.

पण कुलूप सांगतं. पाचही भोकं एका सरळ रेषेत असायला हवीत, पण कुठलंही यंत्र ती तंतोतंत एका रेषेत पाडू शकत नाही. एखादं मिलिमीटरच्या काही शतांशांनी डावीकडे जातं, एखादं उजवीकडे. पिनांची जाडीही किंचित कमीजास्त असते. अशा प्लगला किल्लीविना हलकासा पीळ दिला, तर तो इवलासा फिरतो आणि थांबतो. त्याला पाचही पिना एकदम अडवत नाहीत. जिचं भोक सर्वांत जास्त सरकलेलं आहे, ती एकटीच प्लग आणि कवचाच्या कडांमध्ये चिमटली जाते. बाकीच्या चार अजून मोकळ्या असतात, हलकेच दाबल्या तर स्प्रिंगवर सहज वरखाली होतात.

चावीवाल्याच्या हातात म्हणूनच दोन साधनं असतात : पीळ देण्यासाठी एल आकाराची पट्टी आणि पिना चाचपायला बारीक आकडा. आकड्यानं एकेक पिन दाबून बघायची. जी घट्ट लागेल ती पहिली. ती हळूहळू उचलायची. सांधा सीमेवर पोचला, की वरची पिन प्लगमधून सुटते आणि प्लग अजून थोडा फिरतो. किती? भोक ०.०३ मि.मी. सरकलेलं असेल तर ६.३५ मि.मी. त्रिज्येच्या प्लगसाठी जेमतेम पाव अंश. डोळ्यांना दिसणार नाही इतकं कमी, पण बोटांना बारीकशी ‘टक्’ जाणवते. तेवढ्या फिरण्यानं भोकाची कड वरच्या पिनेखाली सरकते आणि ती त्या कडेवर टेकून बसते. स्प्रिंगनं कितीही दाबलं तरी परत खाली येत नाही. आता दुसरी पिन चिमटली जाते. मग तिसरी.

हिशेब करा. कुठली पिन अडली ते शोधायला जास्तीत जास्त ५ + ४ + ३ + २ + १ = १५ वेळा चाचपायचं आणि प्रत्येकीच्या दहा उंच्या धरल्या तरी ५ × १० = ५० पायऱ्या. एक लाखाचा गुणाकार पासष्टाच्या बेरजेवर आला. पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षराला ‘हे बरोबर’ असं सांगणारा संगणक असेल, तर तो पासवर्ड कितीही लांब असला तरी काय उपयोग? भोकं खरोखर तंतोतंत एका रेषेत असती, तर पाचही पिना एकदम चिमटल्या असत्या आणि लाखाचा आकडा खरा ठरला असता.

असं कुलूप उघडणं न जमण्याचं पहिलं कारण म्हणजे पीळ जास्त होणं. जोर वाढला की दोनतीन पिना एकदम अडतात आणि ‘टक्’ हरवते. संगणकाच्या कीबोर्डची कळ दाबायला लागतो तेवढाच भार पुरतो. पीळ फार कमी पडला तर बसलेल्या पिना खाली येतात. एखादी पिन जास्त उचलली तर खालची पिनच सीमा ओलांडून अडसर बनते. मग पीळ सोडून पहिल्यापासून सुरुवात. सिनेमात केसातली एकच पिन खुपसून कुलूप उघडतात, ते होत नाही, कारण पीळ कोण देणार? आणि लोहचुंबकानं किंवा मंत्रानं अशी कुलपं उघडल्याच्या गोष्टीही सोडून द्या. या पिना बहुधा पितळेच्या असतात, चुंबकाला त्या जुमानत नाहीत.

उत्पादकांचं उत्तर म्हणजे कंबर बारीक असलेल्या, डमरूच्या आकाराच्या वरच्या पिना. पीळ देऊन उचलताना त्यांची बारीक कंबर सीमेत अडकते. प्लग एकदम काही अंश फिरतो, उघडल्याचा भास होतो, पण पुढे जात नाही. सोडवायची तर तीच पिन आणखी वर ढकलावी लागते, त्यानं प्लग उलटा फिरतो, आणि त्या वेळी पीळ सैल केला नाही तर ती हलत नाही, जास्त सैल केला तर आधी बसवलेल्या पिना पडतात. कुलूप घेताना खळग्यांपेक्षा अशा पिना आहेत का, हे विचारणं जास्त मोलाचं.

ठोक्यानं उघडण्याची रीतही याच सांध्यावर चालते. कॅरममध्ये चिकटलेल्या दोन सोंगट्यांपैकी मागचीला स्ट्रायकर लागला की पुढची सुटते, तसंच सर्व खाचा सर्वांत खोल कापलेल्या किल्लीला ठोका बसला की खालच्या पिना जागीच राहतात आणि वरच्या क्षणभर उडतात. त्या क्षणी सीमा मोकळी असते.

आपल्याकडची जुनी, जड कुलपं बहुतेक लीव्हरची. तिथे पिना नाहीत, पट्ट्या आहेत, पण ताण दिला की एकच पट्टी आधी अडते हा नियम तोच. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिरानं चब कंपनीचं नावाजलेलं लीव्हर कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं होतं.

आणि पावसाळ्यात अडणाऱ्या लॅचमध्ये खोबरेल तेल घालू नका. ते घट्ट होतं, धूळ धरतं आणि पिना भोकातच चिकटतात. मग खरी किल्लीही सांधे सीमेवर आणू शकत नाही. ग्रॅफाइटची कोरडी पूड चिमूटभर, किल्लीला लावून दोनचार वेळा आतबाहेर करा. तरीही अडत असेल तर किल्ली झिजली आहे का बघा. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढत गेलं की प्रत्येक वेळची चूक पुढे जाते, आणि ०.३८ मि.मी.च्या पायरीत ती साचायला फार जागा नसते. मूळ किल्ली जपून ठेवा आणि नवी नेहमी तिच्यावरूनच काढा.