गोबर गॅस: टाकी आधी आली, सूक्ष्मजीव नंतर कळले

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात 1897 मध्ये मैल्यातून निघालेल्या वायूवर दिवे लावले गेले. त्याच्या कितीतरी आधी, 1776 मध्ये, व्होल्टा या शास्त्रज्ञाने इटलीतल्या माजोरे सरोवराच्या गाळातला वायू गोळा करून तो पेट घेतो हे दाखवलं होतं. पण हा वायू नेमकं कोण तयार करतं, हे उमगायला विसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं.

टाक्या मात्र थांबल्या नाहीत. 1950 च्या दशकात जशभाई पटेलांनी वर-खाली होणाऱ्या लोखंडी टोपाचं संयंत्र घडवलं. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेलं. 1984 मध्ये पक्क्या घुमटाचं ‘दीनबंधू’ संयंत्र आलं. शेण आणि पाणी समप्रमाणात, भरणा रोज ठरलेला, मुरायला महिना-दीड महिना हे नियम अनुभवातूनच बसले.

त्यामागचं इंगित 1967 मध्ये उलगडलं. मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की हा एकच सूक्ष्मजीव अल्कोहोलपासून मिथेन, म्हणजे गोबर गॅसमधला जळणारा वायू, बनवतो, असं तोवर मानत. अमेरिकेत ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोन निरनिराळे जीव आहेत. पहिला अल्कोहोलचं ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) करतो आणि हायड्रोजन सोडतो. दुसरा तो हायड्रोजन वापरून मिथेन करतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचंच काम अडतं. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा शोध. 1977 मध्ये वोस आणि फॉक्स यांनी तर मिथेन बनवणारे हे जीव जीवाणूंपेक्षा मुळातच वेगळे, म्हणजे आज ज्यांना आर्किया म्हणतात ते, असल्याचं दाखवून दिलं.

आर्किया सावकाश वाढतात, आम्ल करणारे जीवाणू भराभर. भरणा एकदम वाढवला की आम्ल साचतं, सामू (pH, आम्लतेचं माप) साडेसहाच्या खाली घसरतो आणि आर्किया ढेपाळतात. टाकीला आंबूस वास येतो. गॅस निघतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असल्याने शेगडी धड पेटत नाही. थंडीत तापमान 35 अंशांच्या बरंच खाली गेलं की गॅस कमी पडतो, तेही या जीवांचा वेग मंदावल्यामुळेच.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटं, पिठूळ पदार्थ वापरणारं छोटं संयंत्र घडवलं. 2006 मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. असं अन्न लवकर कुजतं, गॅसही लवकर मिळतो, पण त्यात आम्ल साचण्याचा धोकाही जास्त. म्हणून ही टाकी सुरू करतानाही आधी शेणकाला घालतात, कारण जनावराच्या पोटातून आलेले आर्किया त्यात आयतेच असतात.