गोचिडाच्या लाळेतून गाईच्या गाठीत

विट्याजवळच्या एका गोठ्यात वैशाखात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवड तापली. थर्मामीटर 106 अंशांवर, खांद्यापुढची लसिका गाठ लिंबाएवढी सुजलेली, रवंथ बंद. डॉक्टरांनी दोन काचा तयार केल्या. एक कानाच्या शिरेतल्या रक्ताची, दुसरी सुईने गाठीतून ओढलेल्या द्रवाची. गाठीच्या काचेवर पांढऱ्या पेशींच्या आत जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके होते, रक्ताच्या काचेवर तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या. मालकांनीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि विचारलं, "डॉक्टर, दोन रोग झाल्यात व्हय?"

रोग एकच, थायलेरिया. पण हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. एकाच जिवाची दोन रूपं इतकी वेगळी कशी?

थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीची जनुकं सुमारे 3,800, चार गुणसूत्रांवर मांडलेली. 2005 मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. गोचिडात, गाठीत, रक्तात ही जनुकं तीच असतात. शेतकऱ्याच्या छपरात पाभर, कोळपं, विळा सगळं कायम असतं, पण पेरणीला पाभरच बाहेर निघते, तसं हे. जनुक कामाला लागलं की त्याची आरएनए प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. प्रत्येक अवस्थेतला आरएनए गोळा करून मोजला की तेव्हा कुठलं अवजार बाहेर होतं ते कळतं. एपी-2 गटातली प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी बसून यातली बरीच निवड करतात.

गोचिडाच्या लाळेतून येणाऱ्या रूपाच्या अंगावर पांढऱ्या पेशीला चिकटून आत शिरण्यासाठी लागणारी प्रथिनं असतात. आत शिरल्यावर ती जनुकं मंदावतात आणि परजीवी अनेक केंद्रकांचा गोळा बनते. त्यापुढचं वाचताना मी आजही थबकतो. हा गोळा पेशीला मारत नाही, उलट कर्करोगासारखी वाढायला लावतो. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंना तो स्वतः चिकटतो आणि दोन्ही लेक-पेशींत वाटला जातो. गाठ सुजते ती यामुळे. ब्युपार्व्हाक्वोन या औषधाने परजीवी मारली, की तीच बेभान पेशी वाढायची थांबते. म्हणजे पेशीचा स्वभाव कायमचा बिघडलेला नसतो, आत बसलेली परजीवी तिला सतत हाकत असते.

पुढचा बदल तापमानाशी जोडलेला दिसतो. प्रयोगशाळेत अशा पेशी 37 अंश सेल्सिअसला ठेवल्या तर वाढतच राहतात. 41 अंशांवर नेल्या की काही दिवसांत गोळा फुगतो, वाढीची जनुकं मागे पडतात, तांबड्या पेशींत शिरणाऱ्या रूपाच्या पृष्ठभागाची प्रथिनं तयार होऊ लागतात आणि गोळ्यातून असंख्य बारीक रूपं सुटतात. कालवडीचा 106 फॅरनहाइट म्हणजे साधारण तेवढाच ताप. गाईच्या अंगातही तापच हा बदल घडवतो असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण हा मेळ मनातून जात नाही.

तांबड्या पेशींतलं रूप गोचिडाच्या पोटात गेलं की नर-मादी रूपं तयार होऊन त्यांचं मीलन होतं. पुढे वंशज लाळग्रंथीत पोचतात आणि तिथेच थांबतात. गोचीड नव्या गाईला चिकटून रक्त प्यायला लागला की त्यांची शेवटची वाढ सुरू होते, आणि संसर्गक्षम रूप पिकायला दोन-तीन दिवस जातात. म्हणून रोज हात फिरवून गोचीड काढणाऱ्या बाईचं काम मी इंजेक्शनाइतकंच मोठं मानतो. हा गोचीड उरलेला काळ गोठ्याच्या भिंतीच्या फटींत काढतो.

ब्युपार्व्हाक्वोनच्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी कालवड रवंथ करू लागली. त्या संध्याकाळी मालक सिमेंट कालवून फटी बुजवत बसले होते.