फ्रीजमधली भाकरी

रात्रीची उरलेली जोंधळ्याची भाकरी फ्रीजमध्ये टाकायची सवय आता बेळगाव-निपाणीकडच्या घरांतही रुळली आहे. भाकरीसाठी त्याहून वाईट जागा घरात नाही.

भाकरी वाळते म्हणून कडक होते, हे अर्धंच खरं. हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला पावसुद्धा शिळा होतो, हे बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं होतं. खोडी स्टार्चची, म्हणजे पिठातल्या पिष्टाची आहे. आधणाचं पाणी ओतून पीठ मळलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात. जोंधळ्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक धरून ठेवणारं प्रथिन, नसतं; तरी थापताना भाकरी मोडत नाही ती या चिकटपणामुळेच. भाकरी निवली की स्टार्चच्या मोकळ्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि भाकरी ताठरते. या साखळ्या दोन तऱ्हेच्या: अमायलोजच्या सरळ साखळ्या काही तासांत जुळतात, अमायलोपेक्टिनच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्यांना दिवस लागतात. ४ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं फ्रीजमध्ये, हे सगळं झपाट्याने होतं. फ्रीजरमध्ये मात्र जवळपास थांबतं. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेली बरी.

साधारण ६० अंशांच्या वर अमायलोपेक्टिनची जुळणी सुटते. फोडणीच्या भाकरीची सगळी गंमत इथेच आहे. कांदा-मिरची परतून कुस्करा टाकला की पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं आणि दणकून वाफ आणायची. हबका विसरलात तर कुस्करा खडखडीत. अमायलोज एवढ्या उष्णतेला दाद देत नाही, म्हणून ताज्या भाकरीचा मऊपणा पुरता परतत नाही. आणि निवली की ती पुन्हा ताठरते, तेव्हा गरमच खावी. ताकात भिजवल्याने जुळणी सुटत नाही, नुसतं पाणी मुरतं. कण दाताखाली येतो, आणि मला तर तोच आवडतो. अशा पुन्हा जुळलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो. तेवढ्यावरून शिळ्या भाकरीला औषध ठरवणारे व्हिडिओ मनावर घेऊ नका.

मुद्दाम वाळवलेल्या कडक भाकरीत बुरशीला पुरेल इतकं पाणीच उरत नाही. अथणीच्या कोरड्या हवेत ती निवांत टिकते. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाचा डबा हवाच, नाहीतर हवेतला ओलावा शोषून ती सादळते.

बुरशीचा ठिपका दिसला तर खरवडून भागत नाही, तिचे तंतू आत शिरलेले असतात. काही बुरशींची विषं फोडणीच्या आचेलाही पुरून उरतात. अशी भाकरी म्हशीपुढेही टाकू नये, कारण अफ्लाटॉक्सिनसारखं विष दुधात उतरतं. ती खताच्या खड्ड्यात जाऊ द्या.